सहावं बोट

सोपान फोटोवाल्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. तसा माझा संशय कोणावर नव्हता हे सांगणंच अवघड. दूध तापून वर येईपर्यंत मी दूधवाल्याला दारात थांबवत असे, आणि वर्गातली मुलगी पोट दुखतंय म्हणाली की नेमकं कुठे दुखतंय ते हात ठेवून दाखवायला लावत असे. परभणीहून जवळा बाजारच्या मुलींच्या शाळेवर माझी बदली झाली ती मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. लग्न झालेलं नव्हतं, गावात ओळखीचं माणूस नव्हतं. एकट्या बाईनं झोपेतही एक डोळा उघडा ठेवावा, असं आईनं निघताना बजावलं होतं. आईचं मी जन्मात एवढं एकच ऐकलं.

खोली मिळाली ती औंढ्याच्या रस्त्यावर. शेजारच्या दारावर पत्र्याची पाटी होती: 'सोपान फोटो स्टुडिओ. येथे खरे व मनासारखे फोटो काढून मिळतील.' ही पाटी वाचून मी सामान उतरवायचं थांबले. आपल्याकडे खरे फोटो मिळतात हे कोणी पाटीवर लिहितं का? ज्याच्याकडे दुसरा मालही असतो त्यालाच ते लिहावं लागतं. पण टांगेवाला घाईत होता आणि दुसरी खोली गावात नव्हती.

सोपान तेव्हा पस्तिशीचा असेल. उंच, किडकिडीत, बोटांची टोकं औषधांनी काळवंडलेली. सतत कॅमेऱ्यात बघून त्याचा डावा डोळा अर्धवट मिटलेलाच राहिला होता, त्यामुळे तो आपल्याला डोळा मारतोय की काय असं नव्या माणसाला वाटे. मला तर वाटलंच. मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "न्हाई बाई, ह्यो डोळा दुकानाचा हाय. घरचा डोळा ह्यो दुसरा."

बौद्धवाड्यातला हा माणूस भर रस्त्यावर दुकान काढून बसला, म्हणून गावातल्या काहींचाही त्याच्यावर आधीपासूनच संशय होता. मोठमोठी माणसं फोटो काढायला यायची, त्याच्या खुर्चीत ऐसपैस बसायची, पण त्यानं चहा पुढे केला की "आत्ताच घेतला" म्हणायची. सोपानला ते कळत होतं. आलेला कप तो स्वतः पिऊन टाकायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "आज बी समदं गाव चहा पिऊनच निघालंय."

गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "खरा काढू का मनासारखा?" मला नोकरीच्या कागदांसाठी फोटो हवा होता. मी म्हटलं, मनासारखा म्हणजे काय? तो म्हणाला, "मनासारख्यात तुमी ढगावर बसताल, हातात चंद्र धरताल. तुमच्या मनात काय हाय त्याच्यावर हाय." मी त्याला सांगितलं की माझ्या मनात काय आहे ते मी कोणाला सांगत नसते, खराच काढा. तो काळ्या कापडाखाली शिरला. आत काय करतो आहे ते दिसत नव्हतं, म्हणून मी मान वाकडी करून बघू लागले, आणि त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्या फोटोतली बाई समोरच्या माणसानं तिचं पाकीट मारल्यासारखी बघते आहे. माझ्या नोकरीच्या कागदांवर शेवटपर्यंत तोच फोटो राहिला.

त्याच्या दुकानातल्या भिंतीवर मनासारखे फोटो टांगलेले होते, आणि ते बघायला मी काही ना काही निमित्तानं जाऊ लागले. कौतुक म्हणून नव्हे. हा माणूस काय लपवतो आहे ते शोधायला. एका फोटोत हेडमास्तर स्वतःशीच पत्ते खेळत बसले होते आणि स्वतःचेच पत्ते चोरून बघत होते. एका पैलवानानं तळहातावर दुसऱ्या एका पैलवानाला उचललं होतं, आणि तो दुसरा तोच होता. एक म्हैस दुकानाच्या पत्र्यावर शांतपणे रवंथ करत उभी होती आणि मालक खालून तिचं दावं धरून होता. एका बाईनं घागरीचं झाकण काढलं होतं आणि आतून तिचंच तोंड वर बघत होतं. त्या घागरीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. मला ते आवडलं की त्याची भीती वाटली ते मला सांगता येत नव्हतं, आणि असं काही माझ्या बाबतीत सहसा होत नसे.

हे सगळं तो कात्री, ब्लेड, डिंक आणि बारीक कुंचल्यानं करायचा. एक फोटो कापून दुसऱ्यावर चिकटवायचा, सांधा शाईनं बुजवायचा आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढायचा. कुठे शिकलात, विचारलं तर म्हणायचा, "माय गोधडी शिवायची, ते बगून."

वाणी गोविंदशेट यांना त्यानं त्यांच्याच तराजूत बसवलं होतं. एका पारड्यात शेट, दुसऱ्या पारड्यातही शेट, आणि काटा बरोबर मधे. शेटजींनी तो फोटो हौसेनं गल्ल्याच्या वर लावला. आठ दिवसांनी कोणी तरी म्हणालं, शेटजी, दोन्हीकडं तुमीच बसल्यावर मालाला जागा कुठं राहिली? झालं. शेटजी तणतणत स्टुडिओत आले. मी भिंतीला कान लावून ऐकत होते. सोपान अगदी शांतपणे म्हणाला, "शेटजी, काटा बराबर हाय का न्हाई तेवढं सांगा." शेट म्हणाले, "बराबर तर हाय." आणि समाधानानं परत गेले. फोटो तिथेच राहिला.

माझ्या वर्गाचा फोटो त्यानं काढला तेव्हा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. एक फोटो रीतसर ओळीत बसलेल्या मुलींचा. दुसरा त्यानं न मागता दिला. त्यात शाळेसमोरचं कडुलिंबाचं झाड होतं आणि फांद्याफांद्यांना लिंबोळ्यांसारखी मुलींची तोंडं लागली होती. सगळ्या हसत होत्या. मी तो लपवून ठेवणार होते, पण मुलींनी आधीच बघितला. त्याच आठवड्यात दोन मुली तापानं आजारी पडल्या आणि गावात भानामतीचं नाव निघालं. आमच्या भागात त्या काळी कशालाही भानामतीचं नाव निघे. आजारी मुलींतल्या एकीचा बाप काठी घेऊन दुकानात आला. "माझी पोरगी झाडाला काहून लटकवली?" सोपाननं त्याला खुर्चीत बसवलं, त्याचा फोटो काढला आणि दोन दिवसांनी नवं झाड त्याच्या हातात दिलं. झाडाच्या शेंड्यावर मिशांसकट बाप बसला होता. "आता राखणीला तुमी हाव," सोपान म्हणाला. मुलगी तोवर तापातून उठलीच होती. बापानं तो फोटो घरी नेला आणि पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

बोटाचा शोध मला लागला तो गोविंदशेटच्या दुकानात. गूळ मोजून होईपर्यंत तराजूवरची नजर काढायची नाही हा माझा नियम, पण त्या दिवशी पारडं स्थिर होईना म्हणून मी वर फोटोकडे बघितलं. उजव्या पारड्यातल्या शेटनं मांडीवर हात ठेवला होता. त्या हाताला सहा बोटं होती. मी पुन्हा मोजली. मला झालेला आनंद सांगता येत नाही. सापडला एकदाचा, असं म्हणत मी थेट स्टुडिओत गेले, आणि तिथे म्हशीचा मालक, पैलवान, घागरीतली बाई, सगळ्यांचे हात तपासले. प्रत्येक जोडफोटोत कुठे ना कुठे एक बोट जास्त होतं. सावलीत, पदराआड, पण होतं.

"तुम्हाला मोजता येत नाही," मी त्याला म्हटलं.

तो पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येतं की. लेकराच्या गालाला तीट लावतात का न्हाई? तसं हाय ते. म्या केलेल्याला एक खोट ठेवतो. न्हाई तर उद्या खरं कोन्तं आन माजं कोन्तं, मलाच कळायचं न्हाई." आणि वर म्हणाला, "कोणाला सांगू नका, बाई. माणसं बोटं मोजत बसतील आन फोटो बगायचं राहून जाईल."

मी सांगितलं नाही. पण गावात कोणाच्याही घरी गेले की भिंतीकडे बघून बोटं मोजायची मला सवय लागली. गावात ज्यांचा शब्द चाले त्या आबा देशमुखांच्या बैठकीत त्यांच्या वडिलांचा फोटो होता, पायाखाली मारलेला वाघ. तो वाघ मला पहिल्यापासून कुठल्या तरी कॅलेंडरावरचा वाटत असे. वडिलांचा बंदुकीवरचा हात मी मोजला आणि चहा पिऊन मुकाट्यानं घरी आले.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत सोपानची आई राहायची. गाव तिला गयामाय म्हणे. तिच्या डोळ्यांत पडदे आले होते, दिवसाउजेडी माणूस ओळखू येईल एवढंच दिसे. भिंतीवर तिच्या थोरल्या मुलाचा, उत्तमचा, हैदराबादहून आलेला फोटो होता. उत्तम मोठ्या इमारतीसमोर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा, मनगटाला घड्याळ, शेजारी जरीच्या लुगड्यातली बायको, तिच्या कडेवर लेकरू. घरी जो कोणी जाईल त्याला गयामाय तो फोटो खाली काढायला लावायची आणि त्यात काय काय दिसतं ते सांगायला लावायची. मीही सांगितलं होतं. घड्याळ सांगितलं की ती म्हणायची, "किती वाजले त्याच्यात?" आणि मग, "चार वर्सं झाली, काहून येत न्हाई कोण जाणे. मोठी नोकरी हाय, सुट्टी देत नसतील." मी फोटो परत खिळ्याला अडकवत असे. पोस्टानं आलेला फोटो, त्याची बोटं मोजावी असं माझ्यासारखीच्याही मनात आलं नाही.

आणि मग रुख्मिणचं प्रकरण झालं.

गावाच्या कडेला सखाराम आणि मुंजाजी या दोघा भावांचं घर होतं, मेंढरं राखणारं. सखारामची पहिली बायको गेल्यावर त्यानं रुख्मिणशी म्होतूर लावलं. म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ते वाजतगाजत होत नाही. दिवस मावळल्यावर, परगावी, चार माणसांत उरकतात. त्या चारांतले दोघे दुष्काळात गेले, तिसरा पोट भरायला कुठे निघून गेला त्याचा पत्ता नाही, आणि चौथा मुंजाजी. त्या उन्हाळ्यात सखारामला पान लागलं. साप चावला असं तिकडे कोणी सरळ म्हणत नाही. माणूस संध्याकाळपर्यंत गेला, आणि सुतकाचे दिवस संपल्याबरोबर मुंजाजीनं जाहीर केलं की रुख्मिण ही भावाची बायको नव्हेच, ठेवलेली बाई होती. तिनं खोली सोडावी. मेंढरांत तिचा वाटा नाही.

रुख्मिणला ना लेकरू, ना माहेर. तिच्याजवळ एकच गोष्ट होती. म्होतूर लागल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी सखारामनं तिला सोपानच्या दुकानात नेऊन जोडीनं काढलेला फोटो. ठेवलेल्या बाईला कोणी स्टुडिओत नेऊन, हळदीकुंकवानं, शेजारी बसवून फोटो काढत नसतं, हे सगळ्या गावाला मान्य होतं. पण मुंजाजी म्हणाला, फोटो कोणाचा? सोपानचा. मग त्याला काय अर्थ? रविवारी शाळेच्या ओसरीवर पाच माणसं बसून निकाल देणार असं ठरलं.

आदल्या दिवशी शाळेतून आले तर रुख्मिण सोपानच्या दारात बसली होती. मी जवळ गेल्यावर उठून निघून गेली. सोपान काच पुसत होता. मी म्हटलं, "त्यात काय अवघड आहे? उद्या बोटांचं सांगून टाका. तिच्या फोटोत पाचच असतील ना?"

तो काच पुसत राहिला. "न्हाई सांगता येत," म्हणाला.

माझं डोकं लगेच नको तिथे चाललं. मी म्हटलं, "म्हणजे तोही जोडलेला आहे."

"त्यो खरा हाय, बाई." त्यानं काच खाली ठेवली. "सखारामच्या खांद्यावर कोकरू व्हतं, खाली ठेवाया तयार न्हाई. म्या म्हणलं, कोकरू हललं की फोटो गेला. मंग रुख्मिणनं त्याचं तोंड धरून ठेवलं. तिची पाची बोटं त्याच्या तोंडावर हायेत. ते काय जोडून जमतं का?"

"मग अडचण कसली?"

त्यानं मागच्या दाराकडे बघितलं आणि मला खुणेनं बाहेर हापशाजवळ नेलं. "आमच्या घरातला फोटो तुमी कितीदा बगितला. उत्तमची बोटं मोजली का?"

मला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी हैदराबादहून एक माणूस निरोप घेऊन आला होता, आई तेव्हा बाजारात गेली होती. उत्तम तिथे कुठलीही नोकरी करत नव्हता, हमाली करत होता, आणि तापानं गेला होता. निरोप्याला सोपाननं आई यायच्या आत वाटेला लावलं. "सांगतो, सांगतो म्हणलं," सोपान म्हणाला, "आन त्या दिशी ती बाजारातून त्याच्यासाठी टोपी घेऊन आली." त्यानं उत्तमच्या जुन्या फोटोतलं तोंड कापलं आणि बाकीचा संसार मिळेल तिथून गोळा केला, आणि पोस्टानं आला म्हणून फोटो आईच्या हातात दिला. आईच्या फोटोतही त्यानं खोट ठेवली होती. तिला दिसायचं नाही म्हणून उघड्यावर, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या हातात.

"उद्या बोललो तर गावातल्या बाया घरोघर मोजतील," तो म्हणाला. "मायला सांगायला कोणी बी येईल. न्हाई बोललो तर रुख्मिण रस्त्यावर. आता तुमीच सांगा, बाई."

दुसऱ्याचं खोटं कुठे आहे ते मी चटकन सांगू शकत होते, त्याचं पुढे काय करायचं ते मला कधीच कळत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "उद्या मीही येते."

रविवारी ओसरी भरली. आबा देशमुख मधे बसले होते. रुख्मिणनं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि खांबाशी जाऊन उभी राहिली. मुंजाजी उठला. "आबा, ह्यो माणूस म्हशीला पत्र्यावर चढवतो. त्याला एक बाई माझ्या भावाशेजारी बसवायला काय लागतं?"

सगळे हसले. सोपानही थोडा हसला. कोणी तरी म्हणालं, पैलवानालाच हातावर बसवलं, हे तर सोपं काम. प्रत्येकाला त्याचा एकेक फोटो आठवत होता, आणि प्रत्येक फोटोगणिक रुख्मिणचा फोटो खोटा होत चालला होता. आबा म्हणाले, "सोपान, तुला काय बोलायचं का?"

सोपान जमिनीकडे बघत होता. शेवटी आबांनी मान हलवली आणि रुख्मिणला म्हणाले, "बाई, मंग सामानाचं बगा." रुख्मिण पुढे झाली आणि फोटो परत गुंडाळू लागली.

"थांब," सोपान म्हणाला. "बोटं मोजा."

आणि त्यानं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, खाली बघत. लोकांनी आधी थट्टा समजली. मग एक जण पळत जाऊन समोरच्या दुकानातून गोविंदशेटचा तराजूतला फोटो घेऊन आला. चारपाच डोकी त्यावर वाकली. सहा. हेडमास्तरांचे पत्ते आले. सहा. झाडाच्या शेंड्यावरचा बाप धापा टाकत स्वतःच फोटो घेऊन आला, त्याच्याही मिशीवरच्या हाताला सहा. मग रुख्मिणचा फोटो उन्हात धरला. कोकराच्या तोंडावर तिची पाच बोटं स्वच्छ दिसत होती. बाकीचे तीन हातही मोजून झाले.

मुंजाजी मात्र हटणारा नव्हता. "त्याला मोजता येतं ना? मंग एकाच फोटोत मुद्दाम पाच ठेवली. दुसऱ्यांदा रांडावलेल्या बाईचा कळवळा आला आसंल."

आता खरं सांगते, हाच संशय माझ्याही मनात येऊन गेला होता. उत्तर आलं ते आबा देशमुखांकडून. ते बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत होते.

"माझ्या बैठकीत वडलांचा फोटो हाय," ते म्हणाले. "वाघाचा. तुमी समद्यांनी बगितला. वडलांनी वाघ काय, कोल्हा मारला न्हाई. म्या सोपानला म्हणलं व्हतं, असा जोड की कोणाच्या बापाला कळता कामा नये. त्याला दम दिला व्हता. परवा सहज बगितलं, तर बंदुकीवर सहा बोटं." त्यांनी मुंजाजीकडे बघितलं. "ज्यानं माझ्या दमाला भिऊन खोट सोडली न्हाई, त्यो तुझ्या भावजईसाठी सोडंल का? रुख्मिण सखारामची बायको हाय. खोली तिची, मेंढराचा वाटा तिचा. चला, उठा."

आबांना ते बोलताना किती जड गेलं ते दिसत होतं. पुढे कित्येक महिने पोरं त्यांच्या मागे वाघाचा आवाज काढायची. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. रुख्मिण फोटो छातीशी धरून खांबाशी खाली बसली, आणि तिला धरायला दोघी बायका पुढे झाल्या.

मी सोपानला शोधलं तर तो ओसरीवर नव्हता. माणसांनी त्याला फाटकाशी गाठलं होतं आणि जो तो आपल्या घरातल्या फोटोचं विचारत होता. मी त्याच्या आधी घराकडे निघाले. मी जाऊन काय करणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. रस्त्यानं प्रत्येक दारात बायका फोटो खाली काढून बसल्या होत्या.

गयामाय मांडीवर फोटो घेऊन बसली होती. खिळ्यावरून तो तिनं स्वतःच काढला असावा, पदरावर भिंतीचा चुना लागला होता.

"कोण, बाई का?" ती म्हणाली. "गल्लीत समद्या मोजून राहिल्या. मला दिसत न्हाई. तुमी मोजा."

मी तिच्याजवळ बसले. खुर्चीच्या पाठीवरचा हात समोरच होता. मी जन्मभर सगळ्यांचं सगळं मोजत आले होते, आणि त्या दिवशी मला पाचाच्या पुढे जायचं नव्हतं. मी पाचाशी थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. तिनं माझा हात धरला. "तुमी कोणाचं उगीच चांगलं बोलत न्हाईत. म्हणून तुमालाच इचारलं."

"सहा हायेत, माय," दारातून सोपान म्हणाला.

गयामायनं विचारलं, "कवा?"

"चार वर्सं झाली."

"आजारी व्हता?"

"ताप व्हता."

"जवळ कोण व्हतं?"

"संगतीचे गडी व्हते, माय. एकला नव्हता."

तिनं मान हलवली. रडली नाही. मला रडू फुटलं होतं आणि मी ते पदरात दाबत होते. ती काचेवरून हात फिरवत राहिली, जिथे जरीचं लुगडं होतं तिथे थांबली. "आन ही?"

"कॅलेंडरातली हाय."

"लेकरू?"

"ते बी."

"राहू दे त्यायला," ती म्हणाली. मग फोटो तिनं सोपानच्या दिशेनं पुढे केला. "ते एक बोट तेवढं पुसून दे. माझ्या उत्तमला पाचच बोटं व्हती."

पुढच्या वर्षी माझी वसमतला बदली झाली. तोपर्यंत सोपान रोज भेटत असणार, टांग्यात सामानही त्यानंच चढवलं असेल. पण मला तो दिसतो तो त्याच दुपारचा. मागच्या दारातल्या उजेडात बसून त्यानं काच काढली, ब्लेडनं ते सहावं बोट हळूहळू खरवडलं, आणि बारीक कुंचल्यानं तिथे खुर्चीचं लाकूड भरू लागला. इतक्या फोटोंत त्यानं खोट ठेवली होती, ती काढायची पाळी कधी आली नव्हती. गयामायनं पुढे सरकून त्याचं मनगट धरलं आणि काम पुरं होईपर्यंत सोडलं नाही.